मुक्तस्रोत आचारसंहितांतील धर्ममूल्ये : बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो त्याला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. ते घडवणारे लोक देशोदेशी विखुरलेले असतात, बरेचदा त्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. त्यांनी आपसात कसे बोलावे, चूक कशी दाखवावी आणि कुणी छळले तर दाद कुठे मागावी, हे सांगणारा छोटा दस्तऐवज म्हणजे त्या समुदायाची आचारसंहिता. बहुतेक संहितांत धर्माचा उल्लेख एवढाच येतो, की धर्मावरून कुणाला कमी लेखू नये. तरीही क्षमा, नम्रता, निंदेचा निषेध, अनोळखी माणसाचे स्वागत ही त्यांतली मूल्ये धर्मपरंपरांच्या चांगल्या ओळखीची आहेत. एका फार मोठ्या प्रकल्पाने तर मठातल्या संन्याशांची नियमावलीच आचारसंहिता म्हणून लावली होती.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी माणसाला हा विषय परका नाही. इथे वारकरी, लिंगायत, जैन, मुसलमान आणि ख्रिस्ती एकाच गल्लीत राहतात. घरात मराठी, बाजारात कानडी आणि कॉलेजात इंग्रजी अशी तीन भाषांची ये-जा दिवसभर चालते. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावातच आहे, त्यामुळे खेड्यातून आलेली मुले इथेच पहिल्यांदा कोड लिहायला बसतात. आपल्या श्रद्धेतले कोणते वचन सगळ्यांसाठी आणि कोणते फक्त आपल्यापुरते, हे त्यांना शेजाऱ्यांत राहून आधीच उमगलेले असते. आचारसंहितेचा वादही नेमका याच रेषेवरचा आहे.

वर उल्लेखलेला प्रकल्प म्हणजे एसक्यूलाइट, रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेली माहितीसाठ्याची प्रणाली. ती जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे, खानापूरच्या एसटीत बसलेल्या माणसाच्या खिशातसुद्धा. तिच्या कोडची जवळपास कोणतीही फाइल उघडली की वरच्या चार-पाच ओळींतच वेगळेपण कळते. लेखक स्वामित्वहक्क सोडून देतो आणि कायदेशीर सूचनेच्या जागी आशीर्वाद देतो : तुझ्या हातून भले घडो, वाईट न घडो, तुला स्वतःसाठी क्षमा मिळो आणि तू इतरांना क्षमा करो, तू मोकळ्या हाताने वाटो आणि देतोस त्याहून जास्त कधी न घेवो. मराठी वाचकाला इथे पसायदान आठवल्याशिवाय राहत नाही. ज्ञानदेवांनी १२९० साली ग्रंथ पुरा झाल्यावर मागणे मागितले, इथे ते फाइलीच्या माथ्यावर आहे. आशीर्वाद अट घालत नाही, हे इथे महत्त्वाचे. जेसॉन या माहितीच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीसाठीच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात ‘हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठीच वापरावे, वाईटासाठी नव्हे’ असे वाक्य अट म्हणून आले, आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी तो परवाना मुक्त मानायचे नाकारले. भावना तीच, पण परवान्यात गेल्यावर ती कुंपण झाली.

एसक्यूलाइटकडे व्यावसायिक ग्राहकांचे पुरवठादार-नोंदणीचे अर्ज येत, त्यात आचारसंहितेचा एक रकाना असे. तो भरण्यासाठी हिप यांनी सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टने ख्रिस्ती मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीतून ७२ वचने घेतली. पहिले वचन देवावर सर्वस्वाने प्रेम करण्याचे. पुढे रागाच्या आहारी जाऊ नये, मनात डूख धरू नये, कुरकुर करू नये, कुणाची निंदा करू नये अशी वचने येतात. शेवटून दुसरे सांगते, की ज्याच्याशी बिनसले त्याच्याशी सूर्य मावळण्यापूर्वी समेट करावा. २०१८ च्या ऑक्टोबरात या पानाकडे जगाचे लक्ष गेले आणि वादळ उठले. देव न मानणाऱ्याने किंवा दुसऱ्या धर्माच्या माणसाने इथे यायचे कसे, हा प्रश्न रास्त होता. हे नियम इतर कुणी पाळावेत, माहीत करून घ्यावेत किंवा चांगले मानावेत अशीही सक्ती नाही, हे पानावर स्पष्ट लिहिले होते. ते मूळ विकासकांनी स्वतःवर घेतलेले व्रत होते. पुढे त्या पानाला ‘नीतिसंहिता’ असे नाव मिळाले आणि ते योग्य झाले. व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते. आचारसंहिता मात्र दारातून येणाऱ्या प्रत्येकाला लागू होते.

हा फरक सीमाभागात आठशे वर्षांपूर्वीच्या एका वचनात सापडतो. बाराव्या शतकातल्या बसवेश्वरांचे ‘कळबेड, कोलबेड’ हे वचन इथल्या कानडी घरांत लहान मुलांनाही पाठ असते आणि शेजारच्या मराठी मुलांच्याही कानावर पडलेले असते. चोरू नको, मारू नको, खोटे बोलू नको, रागावू नको, दुसऱ्याचा तिटकारा करू नको, स्वतःची फुशारकी मारू नको, समोरच्याला दूषण देऊ नको. यातली शेवटची चार कोड तपासणाऱ्याच्या टेबलावर लिहून ठेवावीत इतकी नेमकी आहेत. नवख्या मुलाने बदल पाठवला आणि त्यात चूक आहे. ‘हे असले कोण लिहिते?’ असे उत्तर आले तर तो मुलगा परत येत नाही. ‘यादी रिकामी आली तर ही ओळ काय करील?’ असे विचारले तर तो रात्रीतून दुरुस्ती पाठवतो. वचन पुढे म्हणते, हीच अंतरंगशुद्धी, हीच बहिरंगशुद्धी. धर्म दोन्ही मागतो. आचारसंहितेला फक्त बहिरंग दिसते आणि तिने तेवढ्यावरच थांबावे. मनात तिटकारा आहे का हे ती तपासू लागली तर ती धर्मपीठ होईल.

आज सर्वांत जास्त वापरली जाणारी संहिता, ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट’, २०१४ साली कोरालाइन अडा एमके यांनी लिहिली. तिच्या इंग्रजी नावातला दुसरा शब्द बायबलमधला आहे, मराठी बायबल ज्याला ‘करार’ म्हणते तोच. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या प्रकल्पाने, ती स्वीकारली. सीमाभागाच्या दृष्टीने मोठी घटना मात्र तिची २.१ ही आवृत्ती. भेदभावाच्या आधारांच्या यादीत तिथे वंशाच्या शेजारी ‘जात’ हा शब्द आला. हा बदल मराठी वाचकाने नीट समजून घ्यावा. कोडच्या प्रत्येक बदलाबरोबर करणाऱ्याचे नाव कायमचे नोंदले जाते आणि आपल्याकडे आडनाव पुष्कळ काही सांगून जाते. पाटील, कुलकर्णी, देसाई सीमेच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही भाषांत आहेत. पण इतर कितीतरी आडनावे वाचताच समोरचा मनात जात लावून मोकळा होतो. परदेशी व्यवस्थापकाला यातले काही दिसत नाही. ज्याला सोसावे लागते त्याला लगेच दिसते.

इथे संतपरंपरेची थोरवी आणि मर्यादा दोन्ही समोर येतात. दिंडीत वारकरी समोरच्याचे वय, जात न पाहता पाया पडतो, त्याला ‘माऊली’ म्हणतो. विठ्ठलाला तर आपण ‘कानडा’च म्हणतो. पण दिंडी परतल्यावर पाणवठे वेगळेच राहिले. १९२५ साली निपाणीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतली जातव्यवस्था त्याने मोडली नाही, हा आंबेडकरांचा पुढच्या काळातला आक्षेप आचारसंहितांनाही लागू पडतो. ‘सर्वांशी प्रेमाने वागा’ एवढेच लिहिलेली संहिता भजनासारखी गोड वाटते, पण तक्रार घेऊन आलेल्याच्या हाती काही देत नाही. जात हा शब्द नावानिशी लिहिला की मग तक्रारीला पाय फुटतात.

दंडाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे ज्ञानदेव मागतात, खळ नाहीसे व्हावेत असे ते मागत नाहीत. एमके यांच्या संहितेतही समज, ताकीद, तात्पुरती बंदी आणि कायमची बंदी अशा चार पायऱ्या आहेत, म्हणजे वाकडेपणा सोडायला वाव ठेवलेला आहे. निपाणी-चिकोडीकडच्या दिगंबर जैन घरांत दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा असतो आणि पर्व संपल्यावर लोक एकमेकांकडे जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. या प्रथेत मागणारा दुसऱ्याच्या दारी जातो. समुदायांत बरेचदा उलटे घडते. त्रास झालेल्या माणसालाच सगळे सांगू लागतात, की सोडून दे, मोठ्या मनाने घे. क्षमेच्या नावाने केलेली ती जबरदस्ती आहे आणि कोणत्याही श्रद्धेने तिला आधार देऊ नये.

उबुंटू या संगणकप्रणालीचा उल्लेख थोडक्यात पुरे. २००४ साली आलेल्या या प्रणालीचे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या न्गुनी भाषांतले, अर्थ माणुसकी. आचारसंहिता अगदी आरंभापासून बाळगणाऱ्या प्रकल्पांत तो मोडतो. डेस्मंड टुटू या धर्मगुरूंनी हाच शब्द समेटाच्या शिकवणीत मध्यभागी ठेवला होता. शब्द लोकांचा असला की तो धर्मातही नांदतो आणि संगणकातही.

सीमाभागातल्या समुदायाला भाषेचाही विचार करावा लागतो. इथे अनोळखी माणसाला कानडीत ‘बर्री’, ‘हौद्री’ असे बोलतात. शेवटच्या त्या ‘री’त सगळा मान असतो. मराठीत तो ‘तुम्ही’त असतो. इंग्रजीत हे दोन्ही गळून पडते आणि सरळ सूचनासुद्धा हुकमासारखी वाटू शकते. कुणी मराठीत शंका विचारली म्हणून किंवा कानडीत उत्तर दिले म्हणून कपाळाला आठी पडते, हेही सीमाप्रश्नाच्या जखमेमुळे इथे घडू शकते. म्हणून इथल्या प्रकल्पाने भाषेवरून अपमान करू नये हे वेगळ्या ओळीत लिहावे. २.१ आवृत्तीचा तयार नमुना उतरवून घेतला की ती ओळ आपोआप येत नाही.

नमुना उतरवून घेताना आणखी एक गोष्ट वारंवार राहून जाते. तक्रार कुठे पाठवायची त्या जागी चौकटी कंसात ‘संपर्काची पद्धत इथे लिहा’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना असते. कितीतरी प्रकल्पांत ती तशीच छापलेली दिसते. त्या कंसाच्या जागी दोन माणसांची नावे हवीत. बेळगावात त्यांतल्या एकाला तरी मराठी आणि कानडी दोन्ही वाचता आली पाहिजे.