पांजरपोळ, कोंडवाडा आणि नसबंदी केंद्र: प्राणीनिवाऱ्याच्या आराखड्यामागचा इतिहास

शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी दिला. तेव्हापासून अनेक पालिकांपुढे निवाऱ्याच्या बांधकामाचा प्रश्न आहे. नकाशा काढण्याआधी एक गोष्ट ठरायला हवी: प्राणी इथे किती दिवस राहणार? आपल्याकडचे जुने निवारे या प्रश्नाच्या वेगवेगळ्या उत्तरांतून घडले.

जून 1832 मध्ये मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जिजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ, म्हणजे निराधार जनावरांचा आश्रय, सुरू झाले. गुजरातेत ही परंपरा फार जुनी होती. पांजरपोळात आलेले जनावर मरेपर्यंत सांभाळायचे, त्यामुळे मोकळे अंगण, कडेने गोठे, गव्हाणी आणि चाऱ्याचे कोठार ही मांडणी साहजिक होती. गुरांना ती आजही मानवते. कुत्र्यांचे तसे नाही. अनोळखी कुत्री एका अंगणात सोडली की खाण्यावरून मारामारी होते, आणि एकाला पार्व्हो (जुलाब-उलट्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झाला की तो बाकीच्या पिल्लांतही झपाट्याने पसरतो.

कोंडवाड्याचा हेतू वेगळा. 1871 च्या कायद्याप्रमाणे पिकात शिरलेली गुरे तिथे डांबायची. मालक दंड भरून सोडवून नेई, नाहीतर लिलाव होई. चार भिंती आणि एक फाटक पुरे. मुंबई पालिका 1990 च्या दशकापर्यंत भटकी कुत्री मारत असे, तेव्हाही अशा खोल्यांचे दोष उघडे पडले नाहीत, कारण रोग पसरण्याइतका काळ कुत्रा जिवंतच राहत नसे.

2001 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी हे पालटले. पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, जखम भरली की मूळ जागी सोडा. 2023 च्या नियमांतही गाभा तोच राहिला. आता निवारा म्हणजे एका दिशेने चालणारी वाट झाली: उतरवण्याची जागा, तपासणी, शस्त्रक्रियेपूर्वीचे पिंजरे, शस्त्रक्रियागृह, नंतरचे पिंजरे, बाहेर. आत येणारा आणि बाहेर जाणारा कुत्रा एकाच बोळातून नेला, तर बऱ्या होणाऱ्या कुत्र्यांना रोज नवा संसर्ग मिळतो.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. रोज 20 कुत्री आणली आणि प्रत्येक 6 दिवस राहिला, तर 120 पिंजरे लागतात. मुक्काम 9 दिवसांवर गेला की तेच 180. बांधकाम 120 चेच असेल तर एका पिंजऱ्यात दोन-दोन ठेवले जातात, टाके उघडतात, मुक्काम आणखी लांबतो.

सगळ्यात जास्त चुका जमिनीत होतात. पिंजऱ्याच्या तळाला मीटरमागे 2 सेंटीमीटर ढाळ हवा. सर्वांत घातक रचना म्हणजे पिंजऱ्यांच्या आतून जाणारे सामाईक गटार: पहिल्याची घाण धुतली की शेवटच्याच्या पायाशी येते. गटार पिंजऱ्याबाहेर, झाकलेले असावे. कोब्याला तडे गेले किंवा फरशीचे सांधे उघडे पडले की मूत्र मुरते आणि वास कशानेच जात नाही. भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा गोल घोटून घ्यावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पाणी साचले, उंदीर आले, की लेप्टोचा (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचा) धोका कामगारांनाही असतो.

धुण्याची सोय नकाशातच हवी, म्हणजे प्रत्येक रांगेला नळ आणि कुत्रा सरकवून ठेवायला दुसरा कप्पा. पिंजऱ्याचे दोन भाग करून मध्ये बाहेरून ओढता येणारे सरकते दार दिले की कुत्र्याला हात न लावता एकेक बाजू धुता येते. पार्व्होचा विषाणू महिनोन्महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाइलने मरत नाही. घाण आधी पूर्ण काढून, मग 5 ते 6 टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचा 1 भाग 32 भाग पाण्यात मिसळून जमीन 10 मिनिटे ओली ठेवावी लागते. विष्ठेवरच द्रावण ओतले तर ते वाया जाते. मांजरांच्या खोलीत काळे फिनाइल वापरूच नये. ते त्यांना विषारी आहे.

आवाजाकडे तर कोणी बघतच नाही. भुंकण्याचा आवाज बंद खोलीत 100 डेसिबलच्या वर जातो. पिंजरे समोरासमोर नकोत. मधली भिंत सुमारे 4 फुटांपर्यंत भरीव, वर जाळी ठेवली तर कुत्र्यांची नजरानजर टळते आणि हवाही खेळते. नुसत्या पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात भट्टी होते, पावसात आवाज आणखी वाढतो.

रेबीजच्या संशयिताचा पिंजरा वेगळ्या इमारतीत हवा, त्याला स्वतंत्र गटार हवे, आणि अन्नपाणी बाहेरूनच सरकवता आले पाहिजे. अशा कुत्र्याला नैसर्गिक मृत्यूपर्यंत वेगळे ठेवावे, असे नियम सांगतात; रेबीज असेल तर मृत्यू साधारण 10 दिवसांत येतो.

न्यायालयाच्या आदेशाने कायम मुक्काम परत आला आहे. या कुत्र्यांना 6 दिवसांचा पिंजरा चालणार नाही. त्यांना स्वभाव जुळणाऱ्या छोट्या गटांसाठी अंगणे हवीत, सावली हवी, आणि ये-जा करताना कुत्रा निसटू नये म्हणून दोन फाटकांमधली बंदिस्त जागा हवी. नसबंदी केंद्राच्या रिकाम्या पिंजऱ्यांत त्यांना भरले, तर काही आठवड्यांत नसबंदीसाठी जागाच उरणार नाही.