फारोचा कोड ब्राउझर पुन्हा पुन्हा का लिहावा लागला

‘ब्राउझर’ हा शब्द वेबपेक्षा जुना. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक ही प्रोग्रामिंगची भाषा घडत होती (फारो तिचीच पुढची पिढी), तेव्हा लॅरी टेस्लर यांनी क्लास (एका प्रकारच्या ऑब्जेक्टचा आराखडा) चाळायचं साधन केलं, त्याचं हे नाव. स्मॉलटॉक-८० पर्यंत त्याचं रूप ठरून गेलं: वर चार याद्या (कॅटेगरी म्हणजे क्लासचे गट, क्लास, प्रोटोकॉल म्हणजे मेथडचे गट, आणि मेथड म्हणजे क्लासमधलं एकेक काम करणारे कोडचे तुकडे), खाली निवडलेल्या एका मेथडचा कोड. या भाषेत रोजचं काम फायलींत चालत नाही. क्लास आणि मेथड इमेजमध्ये, म्हणजे सगळी चालू प्रणाली जशीच्या तशी जपणाऱ्या साठ्यात, जिवंत ऑब्जेक्ट म्हणून नांदतात. म्हणजे ब्राउझर हे आत जायचं दारच. आणि ते दारही त्याच इमेजमध्ये, त्याच भाषेत बांधलेलं. ब्राउझरच्याच एखाद्या मेथडमध्ये घोळ घालून ठेवला, की तो निस्तरायला जो ब्राउझर उघडायचा तोच उघडत नाही.

चार याद्या टिकल्या, पण त्यांच्याखालचा पाया तकलादू होता. क्लासची कॅटेगरी म्हणजे नुसतं एक नाव. १९९६ साली आलेल्या स्क्वीक या स्मॉलटॉकच्या अवतारात पुढे मॉन्टिसेलो या कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाने त्या नावाच्या सुरुवातीवरून पॅकेज (एकत्र द्यायचा कोडचा गठ्ठा) ओळखायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या क्लासमध्ये आपण मेथड घातली असेल, तर तिच्या प्रोटोकॉलच्या नावाआधी तारांकन लावायचं. ते नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं, की मेथड पॅकेजमधून गळालीच. जुगाडच तो. २००८ मध्ये स्क्वीकमधून वेगळ्या झालेल्या फारोने पुढे पॅकेजला स्वतंत्र ऑब्जेक्ट केलं, तेव्हा कॅटेगरीच्या नावावर विसंबलेली साधनंही उसवावी लागली.

‘ही मेथड कोण वापरतं?’ हा शोधही वाटतो तितका सरळ नाही. प्रत्येक कंपाइल झालेल्या मेथडजवळ तिला लागणाऱ्या लिटरलची, म्हणजे तिच्या कोडमधल्या नावांची आणि ठरावीक मूल्यांची, यादी असते. तीत ते नाव आहे का, एवढं पाहायचं. पण बेरजेच्या चिन्हासारखे सतत लागणारे संदेश (मेथडला घातलेली हाक) त्या यादीत नसतात, थेट बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपाइल होऊन बनलेल्या आज्ञांमध्ये, असतात, म्हणून तिथेही डोकवावं लागतं. त्यात भाषेत टाइप, म्हणजे कोणता ऑब्जेक्ट कोणत्या प्रकारचा हे, लिहायची पद्धत नाही. ‘अ‍ॅड’ शोधलं, की सगळ्या प्रकारच्या कलेक्शनचे वापर एकाच ढिगात समोर येतात.

१९९०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स यांनी रिफॅक्टरिंग ब्राउझर लिहिला. रिफॅक्टरिंग म्हणजे कोडचं वागणं न बदलता त्याची मांडणी सुधारणं. त्याचा पार्सर (कोड वाचून त्याची रचना उलगडणारा भाग) आणि सिंटॅक्स ट्री (त्या रचनेचं झाड) स्वतःचे होते. फारोमध्येही बराच काळ कंपायलरचा ट्री वेगळा आणि साधनांचा वेगळा, असा दुहेरी संसार चालला. २०१४च्या फारो ३ मध्ये ओपल कंपायलर आला आणि त्याने साधनांचाच ट्री वापरायला घेतला. पडद्यावर काहीच हललं नाही, तरी मला सगळ्यात मोठी उडी हीच वाटते.

दिसणारे बदल मग होत राहिले. फारोचा ब्राउझर आधी ऑम्निब्राउझर, मग नॉटिलस, २०१९च्या फारो ७ पासून कॅलिप्सो. कॅलिप्सोने कोडबद्दल विचारणं आणि ते दाखवणं यांची फारकत केली. त्यामुळे चाळायचा कोड आपल्याच इमेजमध्ये असायला हवा, ही अट उरली नाही. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालणाऱ्या इमेजमधली मेथड आता आपल्या संगणकावरच्या ब्राउझरमध्ये उघडून बदलता येते.