लिक्युअर
फळे, साली, बिया, वनौषधी किंवा मसाले यांचा स्वाद उतरवलेले, साखरयुक्त मद्य. युरोपीय संघाच्या नियमांनुसार त्यात आकारमानाने किमान १५ टक्के मद्यार्क आणि सर्वसाधारणपणे लिटरमागे १०० ग्रॅम साखर लागते. चेरीसारख्या काही प्रकारांना साखरेत सवलत आहे.

मूळ लॅटिन शब्द ‘लिकोर’, म्हणजे द्रव. त्यापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला ‘लिकर’ कोणत्याही कडक दारूला लागू झाला. ‘लिक्युअर’ हे रूप फ्रेंचमधून पुढे वेगळे आले. मराठीत दोहोंची गल्लत होते. सांगली-साताऱ्यातील दुकानांच्या पाट्यांवरील ‘लिकर’चा अर्थ सरसकट दारू असाच आहे. ‘मधुमद्य’ हा प्रतिशब्द आकर्षक असला तरी अडचणीचा आहे: कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘मृद्वीकारसो मधु’ म्हणजे द्राक्षरसाचे मद्य ते मधु, अशी स्पष्ट व्याख्या आहे. म्हणून मूळ शब्दच ठेवणे बरे.

अर्थशास्त्रातील मैरेय हे मद्य मात्र लिक्युअरच्या फार जवळ जाते. मेषशृंगी या वनस्पतीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी, मिरे किंवा त्रिफळा असे त्याचे घटक आहेत. परंतु ते आंबवलेले (किण्वित), ऊर्ध्वपातित म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले नव्हे. गांधार प्रदेशातील शेखान ढेरी येथील मातीच्या भांड्यांवरून पुरातत्त्वज्ञ आल्चिन यांनी भारतीय ऊर्ध्वपातनाचा आरंभ इसवी सनापूर्वीच्या शतकांपर्यंत मागे नेला. ती भांडी मद्यासाठीच होती, हे सर्वमान्य नाही. मैरेयाला लिक्युअरचा पूर्वज न म्हणता किण्वित मद्यांतच ठेवणे अधिक सयुक्तिक दिसते. घरोघरी माहीत असलेले द्राक्षासवही याच न्यायाने वेगळे: त्यातील मद्यार्क किण्वनातच तयार होतो, बाहेरून घातला जात नाही.

युरोपात लिक्युअर आधी औषधे होती. शार्त्रूझ या फ्रेंच वनौषधी लिक्युअरची कृती कार्थूझियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाला १६०५ मध्ये हस्तलिखितरूपाने मिळाली, अशी परंपरा आहे.

स्वाद मुरवून किंवा ऊर्ध्वपातनाने उतरवतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मद्यार्कात मुरत घातली, की काही दिवसांत फळ फिके पडते, द्रव लाल होतो. मग गाळून त्यात पाक मिसळायचा. बाजारातील स्ट्रॉबेरी क्रशमध्ये मद्यार्क नसतो, एवढाच मोठा भेद.

लिक्युअरचा कच्चा माल आपल्याकडेही आहे: सातारा व सांगली जिल्ह्यांत ऊसमळीपासून मद्यार्क तयार होतो, तासगाव भागात द्राक्षे पिकतात, आणि पलूस येथे वाइन उद्योगासाठी औद्योगिक क्षेत्र उभारले गेले आहे.