‘जेके२’मधला दोन

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात, इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समधल्या एका कचेरीचा जुना सर्व्हर गेल्या महिन्यात बदलायला घेतला. अ‍ॅपाची या वेब सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलीत, त्याला मागच्या टॉमकॅट या जावा सर्व्हरशी जोडणाऱ्या मॉड-जेके२ची ओळ पुढे # टाकून बंद केलेली, आणि खालीच साधं मॉड-जेके चालू. सोबतच्या मुलानं विचारलं, “दादा, दोन म्हणजे नवं ना? मग नवं बंद करून जुनं का चालू ठेवलं?”

हा घोळ वीस वर्षं जुना आहे.

सुरुवात जेसर्व्हपासून. अ‍ॅपाची आणि जावा यांच्यातला तो नव्वदच्या दशकातला पूल. जेसर्व्ह गेला, पण अ‍ॅपाची आणि टॉमकॅट ज्या प्रोटोकॉलनं आपसात बोलतात त्या एजेपीमधला ‘जे’ त्याचाच. टॉमकॅटच्या पहिल्या दिवसांत मॉड-जेसर्व्हच वापरात होतं. ते फक्त अ‍ॅपाचीशी बोलायचं आणि विनंती एचटीटीपीएसवरून आली हे मागे सांगायचं नाही. मॉड-जेकेनं ते सांगितलं, शिवाय मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरलाही जोडून घेतलं. एजेपी १.३मध्ये ‘कुकी’, ‘होस्ट’ अशी नेहमीची हेडर-नावं अक्षरांऐवजी दोन बाइटच्या आकड्यांनी जातात आणि जोडणी उघडी ठेवून पुन्हा वापरता येते. पोर्ट ८००९.

मग आलं जेके२. मॉड-जेके नव्यानं लिहून काढायचा तो प्रयत्न. पण त्याच सुमारास सगळे अ‍ॅपाची १.३वरून २वर जात होते, आणि लोकांनी सरळ हिशेब केला: अ‍ॅपाची दोन, तर जेकेही दोन. हिशेब चुकीचा होता. मॉड-जेके दोन्ही अ‍ॅपाचींवर चालायचं, जेके२सुद्धा. दोन होता तो फक्त पुनर्लेखनाचा. वर त्याची वर्कर्स२ नावाची वेगळी फाइल. पहिल्या जेकेत वर्करचं, म्हणजे मागच्या टॉमकॅटचं, नाव, होस्ट, पोर्ट आणि त्याच्याकडे कोणते पत्ते पाठवायचे ते सांगणारी जेकेमाउंटची एक ओळ एवढ्यात काम भागायचं. इथे चॅनल वेगळं, यूआरआय वेगळा, प्रत्येकाला आपला चौकोनी कंस.

नोव्हेंबर २००४मध्ये जेके२चा विकास थांबवला. कारणं दिली ती अशी: काम करायला माणसं नाहीत, आणि मांडणी अवघड म्हणून वापरणारेही वळत नाहीत. थांबवलं ते बरंच केलं. पण ज्यांनी आकड्यावर विश्वास ठेवून ते बसवलं होतं, त्यांनी उलटी वाट धरायची होती, दोनवरून परत मॉड-जेके १.२वर. साहेबांना हे समजावणं काय असतं ते आम्ही भोगलंय. “अपग्रेड म्हणता आणि आकडा खाली कसा?”

जेके२चा वारसा पुढे मॉड-प्रॉक्सी-एजेपीकडे गेला. डिसेंबर २००५च्या अ‍ॅपाची २.२मध्ये ते सोबतच आलं, वेगळं कंपाइल करायला नको. तेव्हापासून खरी निवड मॉड-जेके आणि हे, या दोघांतली. बरेच जण जेकेवरच राहिले, कारण त्याचं लोड बॅलन्सिंग, म्हणजे विनंत्या अनेक टॉमकॅट नोडांत वाटणं, हाताखालचं होतं. सेशन आयडीच्या शेवटी टिंब देऊन नोडचं नाव लागतं. ते नाव टॉमकॅटच्या जेव्हीएम-रूट या सेटिंगमध्ये आणि वर्करच्या फाइलीत अक्षरशः एकच हवं. एकीकडे नोड१ आणि दुसरीकडे नोड०१ झालं, की विनंती भलत्याच नोडवर जाते आणि माणूस लॉगिन करून पुन्हा लॉगिनवर.

फेब्रुवारी २०२०मध्ये घोस्टकॅट या टॉमकॅटमधल्या सुरक्षेच्या भोकानं पारडं फिरवलं. ८००९ मुळातच सगळ्या पत्त्यांवर उघडं असायचं आणि टॉमकॅट पलीकडच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवायचा. पोर्टपर्यंत पोचणारा कुणीही वेब-आयएनएफ या आतल्या फोल्डरमधल्या फाइली वाचू शकत होता. टॉमकॅट ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१००मध्ये एजेपी मुळातच बंद ठेवलं, उघडलं तरी त्याच मशीनपुरतं, आणि सीक्रेट, म्हणजे दोन्हीकडे सारखा लागणारा परवलीचा शब्द, सक्तीचं. मॉड-प्रॉक्सी-एजेपीला सीक्रेट देण्याची सोय मात्र त्यानंतर, त्याच वर्षी अ‍ॅपाची २.४मध्ये आली. मधल्या दिवसांत आमच्याकडे पॅच लावला आणि कनेक्टर उठेचना, समोर ५०३ची एरर.

म्हणून या वेळी एजेपी सोडून साधं मॉड-प्रॉक्सी-एचटीटीपी घेतलं. रात्री सराफ्यातून खाऊन आलो, सर्व्हर फिरवला, लॉगिन केलं, तर पान एचटीटीपीएसवरून उडून एचटीटीपीवर. जेसर्व्हच्या वेळचंच दुखणं: मागच्याला पुढचं कळत नाही. अ‍ॅपाचीत एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर आणि टॉमकॅटमध्ये रिमोट-आयपी-व्हॉल्व्ह टाकल्यावर सुटलं. जेके२ची ती # असलेली ओळ नव्या फाइलीत घेतली नाही.