सिस्टरच्या कमरेवरचे साडेतीनशे किलो

पुण्यात सदाशिव पेठेतल्या औषधांच्या दुकानात कमरेचा पट्टा मागणाऱ्यांत रुग्णालयातल्या सिस्टर आणि मावशी असतातच. पट्टा बांधला की रुग्ण उचलायला हरकत नाही, हा समज पक्का. पण कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेने १९९४ सालीच पुरावे तपासून सांगितलं होतं, की धडधाकट कामगाराची कंबर पट्ट्याने वाचते असं दिसत नाही.

दुखण्याचं मूळ तरफेत आहे. समजा, खाली घसरलेल्या रुग्णाला दोघी मिळून उशीकडे सरकवताना एकीच्या हातांवर २० किलो भार आला. रुग्ण पलंगाच्या मधोमध, म्हणजे हा भार कण्याच्या ५० सेंटीमीटर पुढे. तो तोलणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटर मागे. बिजागरीलगत बोट लावून दार ढकलून पाहा, तशी त्यांची गत. अंतर दहावा हिस्सा, म्हणून जोर दसपट: २०० किलो. शिवाय वाकलेलं स्वतःचं धड. ते ३० किलो, २० सेंटीमीटर पुढे धरलं, तर आणखी १२० किलो. ही सगळी ओढ खालच्या मणक्यांना एकमेकांवर दाबते. त्यात धडाचा आणि रुग्णाचा भार काही अंशी मिळवला की आकडा साडेतीनशेच्या घरात जातो. मणक्यांवरच्या दाबाची नायॉशने मानलेली मर्यादा ३४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३४७ किलो! रुग्णाने मध्येच अंग सोडलं तर ती केव्हाच ओलांडली जाते.

मणक्यांमधल्या गादीला मोठेपणी रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. पोषण झिरपूनच पोचतं, म्हणून झीज सहजी भरून येत नाही. आतल्या भागात चेतातंतूही नसल्याने बारीक इजा कळत नाही, साचत जाते.

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खाणारे अजून आहेत. बहुतेक उसण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय लाथेला मिळतं. दुखऱ्या कण्यावर लाथ मारून घेणं मात्र धोक्याचंच.

'नीट वाकायला शिका' एवढ्या प्रशिक्षणानेही भागत नाही. हाताचं अंतर ५० वरून २५ सेंटीमीटरवर आलं, तर स्नायूंचे १०० किलो वाचतात. रुग्णाखाली गुळगुळीत सरकचादर घातली तर घर्षण घटतं. पण पलंगच गुडघ्याएवढा ठेंगणा असेल तर वाकणं चुकत नाही. आपल्याकडच्या साध्या पलंगांचं हँडल फिरवलं की रुग्णाची पाठ वर येते, पलंगाची उंची तेवढीच राहते. नव्या पलंगांच्या खरेदीत उंची बदलण्याची अट रुग्णालयांनी घालायलाच हवी.