बांधकामाच्या पत्र्यांवर भासचित्र लावायचंय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

पुनर्विकासाला गेलेल्या सोसायटीभोवतीचे निळे पत्रे चार-पाच वर्षं बघत राहायचं ही समोरच्या बिल्डिंगला शिक्षाच असते. म्हणून त्यांच्यावर छापील भासचित्र लावायची कल्पना हल्ली बऱ्याच सोसायट्यांना आणि छोट्या बिल्डरांना सुचते. खऱ्या वाटणाऱ्या खिडक्या, चाळीच्या गॅलऱ्या, पत्र्यातून आत चढत गेलेला जिना, असं काहीतरी. 2023 मध्ये पॅरिसच्या ऑपेरा गार्निएची दुरुस्ती चालू असताना जेआर या कलाकाराने परांचीवर छापील गुहा उभी केली होती. ते फोटो बघून इथेही हुरूप येतो. मग अर्ज जातो आणि परत येतो. खालची माहिती मुंबईपुरती आहे. पुणे, ठाणे वगैरे ठिकाणी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं 244 व 245 आणि 2022 चे जाहिरात नियम लागतात, पण अडायच्या जागा बहुतेक त्याच.

महापालिकेच्या कायद्यात भासचित्रासाठी वेगळा रकाना नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 चं कलम 328अ फक्त एवढंच बघतं की ही जाहिरात आहे का. असेल तर आयुक्तांची लेखी परवानगी हवी, आणि ते काम वॉर्डाच्या अनुज्ञापन खात्याकडून, म्हणजे आपल्या बोलीत लायसन्स खात्याकडून होतं. नुसतं चित्र, त्यावर नाव नाही, नंबर नाही, तर ती जाहिरात नाही. तरीही चित्राची प्रत जोडून वॉर्डात पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. उद्या कोणी तक्रार केली तर तो शिक्काच कामाला येतो.

खरी गंमत पुढे आहे. छपाईचा खर्च परवडावा म्हणून सिमेंट कंपनीचा किंवा बँकेचा लोगो खाली कोपऱ्यात, अगदी लहान, टाकला जातो. तिथे चित्राची जाहिरात होते. आकार लहान असल्याने काही फरक पडत नाही. मग लोक त्याच कलमातल्या सवलतीचा आधार घेतात. त्या जागेत चालणाऱ्या धंद्याची किंवा तीच जागा विकण्या-भाड्याने देण्याची जाहिरात असेल, तर परवानगी लागत नाही, असं त्यात आहे खरं. पण सिमेंट कंपनीचा धंदा तुमच्या प्लॉटवर चालत नाही. शिवाय ही सवलत दिव्यांनी उजळलेल्या जाहिरातीला आणि आकाशचिन्हाला, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर उंच उभारलेल्या पाटीला, नाही. रात्री चित्र दिसावं म्हणून दोन हॅलोजन लावले की सवलत गेली. ‘दिवे वॉचमनसाठी आहेत’ हे उत्तर चालत नाही, कारण दिव्यांची तोंडं चित्राकडे असतात.

आणि सोसायटीच्या कमिटीने हे नीट वाचावं: विनापरवाना जाहिरात कोणी लावली हे शोधत बसायची गरज कायद्याला नाही. जागेचा मालक किंवा कब्जेदार यानेच ती लावली असं धरता येतं. चित्र एजन्सीने लावलं, पैसे बिल्डरने घेतले, नोटीस मात्र सोसायटीच्या नावाने येऊ शकते. म्हणून विकास करारात किंवा वेगळ्या पत्रात पत्र्यांवरच्या मजकुराची जबाबदारी कोणाची हे लिहून घ्या.

दुसरा घोळ महारेराचा, म्हणजे रेरा (स्थावर संपदा) कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा. पत्र्यावर जुनी चाळ किंवा झाडं छापली तर रेराचा संबंध नाही. पण हौशी माणूस होणाऱ्या इमारतीचंच चित्र छापतो, तेही असं की पत्र्याआड टॉवर उभा राहिलाच आहे असं वाटावं. त्यावर प्रकल्पाचं नाव आलं की ती प्रकल्पाची जाहिरात झाली. महारेराकडे नोंदणी होण्याआधी अशी जाहिरात करता येत नाही (रेरा कायद्याचं कलम 3), आणि त्याचा दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. नोंदणी झालेली असेल तर क्रमांक आणि महारेराच्या वेबसाइटचा पत्ता हवा. 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे, नाहीतर 50,000 रुपयांपर्यंत दंड. कोड गॅलरीच्या नक्षीत लपवू नका, तो स्कॅन झाला पाहिजे. विक्री नसलेल्या पुनर्विकासाला नोंदणीतून सूट आहे खरी, पण त्या सुटीच्या अटींत ‘जाहिरात नाही’ हेही आहे. स्वयंपुनर्विकास करणाऱ्या सोसायट्या नेमक्या इथे फसतात.

चित्रात हौसेने काढलेला स्विमिंग पूल आणि गच्चीवरची बागही जरा जपून. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले, तर कलम 12 खाली भरपाई मागता येते. चित्रकाराला भास हवा असतो, रेराला नको असतो.

आता कागद. प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीचा ठराव, नकाशा, फोटो ही नेहमीची यादी. सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, मात्र नीट बघून जोडा. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 48 नुसार ती एका वर्षाची असते आणि दरवर्षी मुदतवाढ घेत जास्तीत जास्त तीन वर्षं वाढते. प्लिंथपर्यंतही (जोत्यापर्यंतही) काम झालं नसेल तर तारीख फार महत्त्वाची. लोक पहिल्या पानाची झेरॉक्स जोडतात आणि मुदतवाढीचा शेरा असतो शेवटच्या पानावर. खिडकीवरचा माणूस पहिलं पान बघून ‘मुदत संपली’ म्हणतो, आणि पान उलटून बघायची तसदी घेत नाही. सगळी पानं जोडा आणि त्या शेऱ्यावर खूण करून ठेवा. हमीपत्राला ऑक्टोबर 2024 पासून किमान 500 रुपयांचा स्टँप लागतो. घरात उरलेला 100 चा चालणार नाही.

कोणाकडेच नसतो तो कागद म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याचं संरचना स्थैर्य प्रमाणपत्र. इमारतीचा स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणतो, पत्रे फॅब्रिकेटरने उभारलेत, मी सही कशी करू? फॅब्रिकेटर नोंदणीकृत इंजिनियर नसतो. पण हा कागद मागण्यात चूक नाही. धूळ रोखण्यासाठी महापालिकेच्या ऑक्टोबर 2023 च्या सूचनांनुसार 70 मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती 35 फुटी आणि त्याहून कमी उंचीच्या इमारतीभोवती 25 फुटी पत्रे लागतात. मुंबईसाठी भारतीय मानकातला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर आहे. ढोबळ हिशेबाने प्रत्येक चौरस मीटरवर 118 किलोचा दाब, म्हणजे 35 फूट उंच आणि दहा फूट रुंद तुकड्यावर 3.8 टन. तात्पुरत्या रचनेला यात सूट मिळते, तरी आकडा लहान होत नाही. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. त्यानंतर या कागदावर कोणी डोळेझाक करील अशी अपेक्षा धरू नका. पत्रे उभारण्याआधीच इंजिनियरकडून सांगाड्याचं डिझाइन करून घेतलं, तर सही मागताना हात जोडावे लागत नाहीत.

चित्र थेट पत्र्याला चिकटवलं तर वाऱ्याचा भार वाढत नाही. परांचीवर अखंड फ्लेक्स ताणला तर त्याचं शीड होतं. तिथे जाळीदार छपाईच घ्या, आणि ती कशी बांधणार हेही इंजिनियरला दाखवा. धूळ अडवायला इमारतीभोवती लावायच्या हिरव्या कापडाची जागा ही छपाई घेईल असं गृहीत धरू नका. महापालिकेच्या त्याच सूचनांमध्ये हिरवं कापड, ताग किंवा ताडपत्री असं लिहिलं आहे. कापड राहू द्या, छपाई त्याच्यावर.

रस्त्याकडेच्या बाजूला वाहतूक पोलिसांचं ना-हरकत पत्र लागेल असं धरूनच चाला. भासचित्राची खरी परीक्षा इथे होते. पुढे रस्ता जातोय असं भासवणारं चित्र, उघडं फाटक, धावत येणारं मूल हे चालकाच्या डोळ्यांच्या पातळीवर मुळीच नको. खिडक्या आणि झाडं निर्धोक. सिग्नलसारखे लाल-हिरवे गोळेही टाळा.

एक गोष्ट यादीत नसते. भासचित्र एकाच ठिकाणाहून नीट दिसतं, बहुधा समोरच्या फूटपाथवरून. फाइलमध्ये तेच सपाट छापलं की वाकडंतिकडं दिसतं आणि ‘ड्रॉइंग चुकीचं आहे’ असा शेरा पडतो. मापं लिहिलेलं सपाट ड्रॉइंग आणि त्या जागेवरून दिसणारं चित्र असे दोन कागद जोडा. दुसऱ्यावर कुठून बघायचं ते बाणाने दाखवा.

चित्रकाराची लेखी परवानगीही फाइलला लावून ठेवा. नेटवरून उतरवलेल्या चित्राला ती मिळत नाही. आणि छापायला देण्याआधी बघा, बांधकामाचा माहितीफलक चित्राखाली झाकला जाणार नाही ना.