इंजिन विकत घेण्याआधी हे वाचा
(रेसच्या छोट्या गाडीत दुसरं इंजिन बसवण्याच्या खर्चाबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आम्हाला फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "इंजिन मी घेतलंय, नुसतं बसवायचे किती होतील?" या प्रश्नावर आम्ही फोनवर आकडा सांगत नाही. त्यामुळे काही जण नाराज होतात, काहींना वाटतं आम्ही टाळतोय. आकडा का सांगत नाही, खर्च नेमका कुठे होतो आणि तो आटोक्यात ठेवायचा असेल तर पहिलं पाऊल कोणतं, हे एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. ज्यांनी अजून इंजिन घेतलेलं नाही त्यांना याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल.

तेच मॉडेल, तेच इंजिन असलेल्या दोन गाड्या आमच्याकडे येतात. एक पाच आठवड्यांत ट्रॅकवर जाते, दुसरी पाच महिने स्टँडवर राहते. दोन्हींवर हात चालतात ते त्याच मेकॅनिकचे. फरक असतो तो इंजिनासोबत काय आलं आणि काय आलं नाही, याचा.

सुटं इंजिन का महाग पडतं

सुटं इंजिन स्वस्त मिळतं, कारण ते काढणाऱ्याने घाईत काढलेलं असतं. वायरिंगचा लूम (सगळ्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा) सोडवत बसण्यापेक्षा कटरने कापणं सोपं, म्हणून प्रत्येक कनेक्टरला वीतभर वायर लोंबकळत असते. आजकालच्या साध्या चार सिलेंडरच्या इंजिनावर चार इंजेक्टर, चार कॉइल, क्रँक आणि कॅमचे सेन्सर, नॉक सेन्सर, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, थ्रॉटल बॉडी, ऑइल प्रेशर असे सहज वीसेक कनेक्टर असतात. त्यातली प्रत्येक वायर कुठून कुठे जाते हे शोधून नवीन लूम बांधायचा म्हणजे काही दिवसांचं सलग काम, आणि ते दिवस तुमच्या बिलात येतात.

लूम मिळाला तरी ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, नसतो. ईसीयू मिळाला तर त्याच्या इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) जुळलेली चावी नसते, आणि चावी ओळखली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर अ‍ॅक्सिलरेटरचं पेडलसुद्धा त्याच गाडीचं लागतं, कारण त्या पेडलमधल्या सेन्सरचे आकडे ईसीयूला ओळखीचे असावे लागतात. पुढे अल्टरनेटरचं ब्रॅकेट, फ्लायव्हील, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, इनटेकचे पाइप. ब्रॅकेट तसं क्षुल्लक वाटतं. पण ते एक मिळेपर्यंत बेल्टची लांबी ठरत नाही, बेल्ट ठरेपर्यंत रेडिएटरची जागा ठरत नाही, आणि गाडीने आमची एक बे (गाडी उभी करून काम करायची जागा) अडवून ठेवलेली असते.

एका ग्राहकाचं उदाहरण मनातून जात नाही. त्यांनी मियाटासाठी (माझदाची दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी) होंडाचं २.४ लिटरचं के२४ इंजिन आणलं. इंजिन खरोखर चांगलं होतं, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब, चारही सिलेंडरला सारखं आलं. पण हे मुळात आडवं बसणारं, पुढच्या चाकांना ताकद देणारं इंजिन. मियाटात ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवायचं तर सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) बदलावा लागतो, कारण मूळ सम्प पुढच्या क्रॉसमेंबरवर (गाडीखालच्या आडव्या तुळईवर) आदळतो. गिअरबॉक्सला अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते. लूम कापलेला होता, ईसीयू नव्हता. त्यांनी इंजिनाच्या किमतीवर फक्त मजुरी धरून पैसे साठवले होते. ते इंजिन आमच्याकडे पूर्ण एक सीझन झाकून ठेवलेलं राहिलं. त्यांचा दोष एवढाच की खरेदीच्या आधी कुणी त्यांना हे सांगितलं नव्हतं.

म्हणून आमचं सांगणं स्पष्ट आहे. शक्य असेल तर पूर्ण डोनर गाडी, म्हणजे जिच्यातून इंजिन काढायचं ती अख्खी गाडी घ्या, नाहीतर निदान हाफ-कट, म्हणजे पुढचा अर्धा भाग कापून आणलेली गाडी. सुरुवातीला पैसे जास्त जातात आणि ठेवायला जागा लागते, हे मान्य. पण लूम, ईसीयू, चावी, पेडल, ब्रॅकेटं, क्लच सगळं एकमेकांशी जुळलेलं हातात येतं. पूर्ण गाडी असेल तर इंजिन घेण्याआधी ते चालू करून ऐकता येतं, गरम इंजिनावर कॉम्प्रेशन घेता येतं. सिलेंडर-सिलेंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा, आणि लीक-डाउन चाचणीत (सिलेंडरमध्ये दाबाने हवा भरून किती गळते ते बघतात) वीस टक्क्यांच्या वर गळती दिसली तर ते इंजिन उघडावं लागणार असं धरून चाला. उरलेले दरवाजे, सीट, चाकं विकून काही रक्कम परतही येते. अशी गाडी बघायला आम्ही ठरावीक फी घेऊन सोबत येतो, आणि नंतर काम आमच्याकडे दिलंत तर ती फी बिलातून वजा करतो.

इंजिनाच्या किमतीची तिप्पट

आमचा ढोबळ हिशेब असा: इंजिनाची जी किंमत असेल तिच्या तिप्पट रक्कम संपूर्ण कामासाठी हाताशी असावी. एक हिस्सा इंजिन, दोन हिस्से बाकी सगळं. ओळखीतून इंजिन फुकट किंवा अगदी कमी पैशांत मिळालं असेल तर त्याची बाजारातली खरी किंमत धरून हा हिशेब करा, कारण उरलेले दोन हिस्से स्वस्त होत नाहीत.

ते दोन हिस्से जातात कुठे? पहिला मोठा खर्च इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर. अ‍ॅडॅप्टर प्लेट, जुळणारं फ्लायव्हील, नव्या टॉर्कला पुरणारी क्लचप्लेट, आणि ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या आऱ्यांशी (त्यावरच्या खाचांशी) जुळणारी. बेलहाउसिंगचा (क्लचभोवतीच्या आवरणाचा) मध्य क्रँकच्या मध्याशी ०.१३ मिलिमीटरच्या आत जुळला पाहिजे. डायल गेज लावून हे मोजायला अर्धा दिवस जातो आणि बिलावर त्याची वेगळी ओळ असते. ती ओळ कमी करा असं बरेच जण सांगतात; आम्ही करत नाही. मध्य चुकला की क्लच नीट सुटत नाही, गिअर अडकतात, इनपुट शाफ्टचं बेअरिंग आवाज करू लागतं, आणि मग सगळं पुन्हा उतरवावं लागतं. शिवाय ताकद क्लचपाशी थांबत नाही. जुना डिफरन्शियल आणि अ‍ॅक्सल शाफ्ट किती टॉर्क सोसतात हे आधी पाहिलं नाही, तर मोडणारी वस्तू फक्त चाकांच्या दिशेने सरकते.

दुसरी गोष्ट ऑइल, आणि इथे आम्ही कुणाचंच ऐकत नाही. चांगल्या टायरवर छोटी रेस कार वळणात एक जी (गाडीच्या स्वतःच्या वजनाइतकं) बाजूचं बळ सहज घेते. एक जीला सम्पमधल्या ऑइलचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांत कलतो. लांब वळण असेल तर सगळं ऑइल सम्पच्या एका भिंतीला जमा होतं, पिकअप (ऑइल ओढणाऱ्या नळीचं तोंड) उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. त्या एक-दोन सेकंदांत इंजिन सहा-सात हजार आरपीएमवर असतं. बेअरिंग जायला तेवढं पुरतं, आणि ड्रायव्हरला दिवा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सम्प कापून नव्याने बनवलेला असेल तर त्याची मूळ रचना गेलेलीच असते. म्हणून झडपांच्या कप्प्यांचा बॅफल (ऑइल एका बाजूला पळू न देणारा पडदा) असलेला सम्प आणि ऑइल प्रेशरचा खरा मीटर याशिवाय आम्ही गाडी ट्रॅकसाठी देत नाही. बजेट कमी पडत असेल तर रंग राहू द्या, चाकं जुनी वापरा. यावर बचत नको.

कूलिंगचंही तसंच. पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा चाकांपर्यंतच्या कामाला येतो, तिसरा एक्झॉस्टमधून जातो आणि उरलेला बहुतांशी कूलंटला झेपावा लागतो. ताकद दीडपट केलीत की रेडिएटरवरचा भारही साधारण तेवढाच वाढतो. रस्त्यावर चाचणी घेताना काटा जागचा हलत नाही, कारण तिथे पूर्ण थ्रॉटल काही सेकंदच असतो. ट्रॅकवर तो वीस मिनिटं पुन्हा पुन्हा असतो. मोठा रेडिएटर, फॅन, त्याच्याभोवतीचं आच्छादन आणि ऑइल कूलर हे सगळं पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

इंधनाचा हिशेब तुम्हीही करू शकता. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २२५ ग्रॅम पेट्रोल घेतं. २०० अश्वशक्तीला तासाला ४५ किलो, म्हणजे जवळपास ६० लिटर, म्हणजे मिनिटाला एक लिटर. जुना पंप आणि जुनी लाइन हे दाब टिकवून देते का, हे आम्ही मोजूनच सांगतो.

ब्रेकबद्दल थोडक्यात: सरळ रस्त्याच्या शेवटी १६० च्या जागी १८० किलोमीटरचा वेग आला तर गाडीतली गतिज ऊर्जा एक चतुर्थांशाहून थोडी जास्त वाढते. पॅड आणि फ्लुइड तरी बदला.

इंजिन बाहेर असतानाच टायमिंगचा संच, वॉटर पंप आणि क्रँकचं मागचं सील नवीन घालून घ्या. सीलची किंमत नगण्य असते. पण बसवल्यावर ते गळू लागलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

पैसे संपतात ते नेहमी ट्यूनिंगच्या आधी

इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा सगळ्यांना वाटतं काम झालं. त्या आवाजाचा आनंद आम्हालाही होतो. पण गाडी जागेवर नीट चालणं आणि पूर्ण भारावर सुरक्षित चालणं यांत अंतर आहे. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पेट्रोलच्या बाजूला झुकलेलं लागतं, एक भाग पेट्रोलला साडेबारा ते तेरा भाग हवा. ते जास्त पातळ राहिलं किंवा ठिणगी लवकर पडली तर नॉकिंग होतं (मिश्रण अवेळी पेटून ठोके पडतात), आणि पिस्टन वाचत नाही. नवीन एक्झॉस्ट, नवीन इनटेक लावल्यावर मूळ ईसीयूतले आकडे जुळतीलच असं नाही. डायनोवरचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) एक पूर्ण दिवस अंदाजपत्रकात सुरुवातीलाच लिहा आणि ती रक्कम बाजूला काढून ठेवा. शेवटी उरलेल्यातून करू म्हटलं की शेवटी काही उरत नाही.

आम्ही पैसे टप्प्याने का घेतो

पहिला टप्पा फक्त मोजमापाचा. इंजिन रिकामं करून गाडीत लटकवतो, माउंटिंग (इंजिनाचे आधार) वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारून उभं करतो, स्टिअरिंगचा दांडा, एक्झॉस्ट आणि प्रोपेलर शाफ्टचे कोन बघतो. इंजिन तीन-चार वेळा आत-बाहेर होतं. या टप्प्याचे आम्ही वेगळे पैसे घेतो आणि त्यानंतरच लेखी अंदाज देतो. "दुसरीकडे हे फुकट करतात" असं ऐकायला मिळतं. पण मोजमाप न करता सांगितलेला आकडा पाळता येत नाही, आणि न पाळता येणारा आकडा तुम्हाला देणं आम्हाला पटत नाही. लेखी अंदाजाच्या तळाशी वीस टक्के राखीव अशी एक ओळ असते. तिला तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावत नाही, आणि जे उरतं ते तुमचंच.

आणखी एक. मोजमापाआधी तुमच्या क्लासची (रेसमधल्या गटाची) नियमावली वाचून या. कित्येक ठिकाणी क्लास इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो, आणि टर्बो असेल तर क्षमता गुणून धरतात. एफआयएच्या (मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत पेट्रोल टर्बोसाठी हा गुणक १.७ आहे, म्हणजे १.४ लिटरचं टर्बो इंजिन जवळपास २.४ लिटरचं मोजलं जातं. उत्तम बसलेलं इंजिन गाडीला अशा क्लासमध्ये नेऊन ठेवू शकतं जिथे ती कधीच पुढे येणार नाही.

काहींना आम्ही इंजिन बदलू नका असंही सांगतो. मूळ इंजिन थकलेलं असेल तर त्याच्या रिंगा, बेअरिंग आणि हेडचं काम करून ते पुन्हा भरात आणणं बरंच स्वस्त पडतं, गाडी लवकर परत मिळते, आणि वाचलेल्या पैशांत टायर आणि सरावाचे दिवस येतात. ते कामही आम्ही करतो. ज्यांचा रेसिंगचा हा पहिला किंवा दुसरा सीझन आहे त्यांनी तरी आधी हा पर्याय विचारावा.

मोजमापाच्या दिवशी येताना डोनर गाडीची कागदपत्रं, दोन्ही चाव्या, काढलेली प्रत्येक वस्तू (तुटलेलीसुद्धा) आणि गाडीचं बॉनेट घेऊन या. बरेच जण वजन कमी करायला बॉनेट काढून घरी ठेवतात. आम्ही इनटेकवर मातीचे गोळे ठेवून बॉनेट बंद करतो आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजून इंजिनाची उंची ठरवतो; बॉनेट नसेल तर त्या दिवशी माउंटिंगला टाका मारता येत नाही.